हायब्रीडचं बी धरत नाही

आमच्या हिंगोली जिल्ह्यात 'हायब्रीड' ही शिवी आहे. हे मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण वसमतच्या धान्यबाजाराजवळ, म्हणजे मोंढ्याजवळ, कृषी केंद्राच्या काउंटरवर बसून ती शिवी पिशव्यांत भरून गावोगाव मीच पोचवली.

हायब्रीड ज्वारी पिकते पोत्यांनी, त्याबद्दल वाद नाही. पण भाकरी थापायला घेतली की कडा फाटतात, तोंडात घातली की चव शोधत बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच भाकरी चपलेला तळ म्हणून शिवता येते. म्हणून गावात लवकर दमणारा माणूस हायब्रीड. ऊन लागून पडणारं लेकरू हायब्रीड. पुण्यात चार वर्षं राहून 'मला तिखट चालत नाही' म्हणणारा भाचा तर हायब्रीडच. आणि या सगळ्याहून वाईट गोष्ट म्हणजे हायब्रीडचं बी धरत नाही. देशी ज्वारीचं टपोरं कणीस निवडून आढ्याला टांगलं, पुढच्या साली पेरलं, तर तसंच पीक येतं. हायब्रीडचं ठेवून पेरलं तर एक रोप छातीएवढं आणि शेजारचं गुडघ्याएवढं. दर साली नवी पिशवी घ्यावी लागते. तसं पिशवीवर छापलेलंही असतं. पण पिशवी वाचतो कोण? भांडायला येताना मात्र पिशवी आठवणीनं घेऊन येतात.

दुकान माझं आणि धाकट्या भावाचं. तो माल उतरवायचा, हिशेब पाहायचा, उधारी वसूल करायचा. मी बोलायचो. एक दिवस तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "दादा, तू नुस्तं बोलून राहिला."

मी म्हणालो, "दुकान बोलण्यावरच चालतं."

"मंग जा की बाहीर. बोलण्यावर जगून दाखीव."

त्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी किल्ल्या काउंटरवर आपटल्या आणि बाहेरची पायरी उतरताना मोठ्यानं म्हणालो, "पुन्हा या पायरीवर पाय ठेवला तर नाव बदलीन." ऐकायला अर्धा मोंढा होता. आमच्याकडे अशी प्रतिज्ञा ऐकायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

त्याच तिरीमिरीत मी नांदेडला एका आलिशान गाड्यांच्या शोरूममध्ये चिकटलो. तिथले साहेब पुण्याहून आलेले, वयानं माझ्या निम्मे, आणि अंगाला असा वास मारलेला की ते जिन्यात असले तरी वर कळायचं. "तुमचं नेटवर्क स्ट्राँग आहे," ते म्हणाले. म्हणजे जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या मोठ्या शेतकऱ्यांशी मी कधी ना कधी भांडलेलो आहे. मला टाय दिला. तो बांधून पहिल्या दिवशी घरी गेलो, तर बायको म्हणाली, "दावं तं बांधलं, आता वैरण कोण टाकतंय?"

शोरूममध्ये एक गाडी होती. तिच्या रंगाला साहेब चंदेरी धुकं म्हणायचे. मला ती ओल्या सिमेंटच्या पोत्यासारखी दिसायची. पेट्रोलचं इंजिन, शिवाय बॅटरी, शिवाय मोटर. सीट पाठ चोळून देणारी. काच लावली की आतल्या आत माणसाला स्वतःच्या पोटाची गुरगुर ऐकू येईल इतकी शांतता. आल्यापासून ती तिथंच उभी होती. लोक येत, तिच्या बोनेटवर हात टेकून शेजारची डिझेल गाडी घेत. गुढीपाडवा महिन्यावर आला तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाडव्यापर्यंत ही गेली पाहिजे. नाहीतर तुम्ही."

गाडी किंवा मी, दोघांतला एक जण शोरूमच्या बाहेर जाणार हे ठरलं. बाहेर पडून मी कुठं जायचं, हा प्रश्नच होता. दुकानाची पायरी मी माझ्या तोंडानं बंद केली होती, आणि माझं तोंड सोडून मला दुसरं काही चालवता येत नाही.

त्या दिवसापासून मी त्या गाडीचा मनापासून द्वेष करू लागलो. द्वेषानं विक्री होत नाही, हे विक्रीच्या प्रशिक्षणात सांगतात. पण प्रेमानंही होत नव्हती. हिंगोलीच्या एका कंत्राटदाराला मी ती दाखवली. तो चांगला हसतमुख माणूस. त्यानं भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "चार्जिंग कुठं लावायचं?"

"लावायचंच नाही, साहेब."

"मंग बॅटरी कशाला देली?"

"ती आपोआप चार्ज होते. इंजिननं."

"इंजिन कशावर चालतं?"

"पेट्रोलवर."

त्यानं बोटांवर हिशेब मांडला. "म्हंजे पेट्रोल टाकून लाइट तयार करायची, आन् त्या लाइटीवर गाडी चालवायची. डायरेक पेट्रोलवरच काहून चालवायची न्हाई?"

याचं उत्तर आहे. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो, गावातल्या गर्दीत पेट्रोल वाचतं, वगैरे. मी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "ज्याला पेट्रोल वाचवायचं हाय, तो एवढी गाडी घेईल काय? आन् जो एवढी गाडी घेईल त्याला वाचवायचं कशाला?" एवढं बोलून तो हसत निघून गेला. मी हेच वाक्य साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "ग्राहकाची मानसिकता बदलणं हे तुमचं काम आहे." माझ्या भावाची मानसिकता मला जन्मात बदलता आली नाही, आणि हे कंत्राटदाराची बदलायला निघाले होते.

तेव्हा मला शिरड शहापूरचे मालक आठवले.

मालक म्हणजे हळदवाले बागायतदार. पूर्वी बियाणं माझ्याकडून न्यायचे. एका साली त्यांनी हायब्रीड ज्वारीचं बी घरी ठेवून पेरलं आणि व्हायचं ते झालं. रिकामी पिशवी घेऊन ते दुकानात आले आणि ती माझ्या तोंडासमोर झटकली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मग त्यांच्याकडं काहून जायचं? कारण मोंढ्यात असं कानावर आलं होतं की त्यांच्या चुलतभावानं काळी, ढब्बू, डिझेलची गाडी घेतली. या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत, शेतांमध्ये एक बांध, आणि दोन्हींवरून कोर्टात केस. मालकांना आता गाडी घ्यायची होती, आणि ती चुलतभावाच्या छातीवर बसेल अशी घ्यायची होती. मी हिशेब मांडला की गरजेपोटी आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण भावकीपोटी आलेलं करत नाही. राहिला तो 'हायब्रीड' शब्द. तो मी उच्चारायचाच नाही असं ठरवलं. गाडीच्या डिक्कीवर मात्र तो इंग्रजीत, चकाकत्या अक्षरांत चिकटवलेला होता. तो खरवडला तर साहेब मला खरवडतील. मी नांदेडच्या बाजारातून झेंडूचा जाड हार घेतला आणि अक्षरांवरून आडवा बांधून टाकला. पाडव्याचे दिवस, नवी गाडी, हार तर असणारच. स्वतःच्या हुशारीवर मी वाटभर खूश होतो.

शिरडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मालकांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, पिवळीजर्दक, पार भिंतीपर्यंत. मी गाडी बॅटरीवर हळूच आत घेतली आणि थांबलो. कोणी बाहेर आलं नाही. बाभळीखालच्या कुत्र्यानं मानसुद्धा उचलली नाही. मालक पाठमोरे, हळद उलथणाऱ्या बायांवर ओरडत उभे. मी त्यांच्या मागं चार हातांवर गाडीत बसलेलो, आणि त्यांना पत्ता नाही. शेवटी हॉर्न दाबला.

मालक हळदीत पडता पडता राहिले.

"कुठून उगवलास?" वळून त्यांनी मला ओळखलं. "दुकानदार! तू? गळ्यात काय हे?"

"टाय आहे, मालक. राम राम. म्हटलं, जुनं जाऊ द्या—"

"जुनं गेलंच हाय. सगळं गेलं त्या साली." मग त्यांची नजर गाडीवर गेली आणि आवाज एक पायरी उतरला. "कोणाची गाडी?"

"तुमचीच. तुम्ही व्हय म्हणायचा अवकाश."

तेवढ्यात वहिनी, म्हणजे मालकीणबाई, ओट्यावर आल्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "ही आली कधी? आवाज न्हाई आला."

"तेच तर खास आहे, वहिनी. आवाजच नाही."

"भिंतीपल्याडची फाट्यावर वळली की माझ्या फळीवरच्या ताटल्या वाजतेत," त्या नवऱ्याकडं पाहून म्हणाल्या. "ही तं चोरावानी आली."

मालकांना मुद्दा पटला. "व्हय की. मी गाडीत बसून आलो हे त्याला कसं कळंल?"

"हॉर्न आहे ना, मालक."

"दिसभर हॉर्न दाबत हिंडू काय, कुल्फीवाल्यावानी?"

मी घाईघाईनं दार उघडलं आणि त्यांना आत बसवलं. एकदा माणूस त्या सीटवर बसला की उठत नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. मालक बसले, पाठ टेकली. मी बटण दाबलं. मालक ताठ झाले. "कोण बोटं घालून राहिलं मागून?"

"मसाज आहे."

"बंद कर. चांगल्या घरचा माणूस बसलाय."

थंड हवा मात्र त्यांना आवडली. डोळे मिटून ते दोन मिनिटं बसले. वहिनींच्या कपाळावरची आठीही थोडी सैल झाली असावी, किंवा मला तसं वाटलं. माझ्या मनात मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरून मालकांचा चेक टेबलावर हळूच ठेवत होतो. आणि इथं मी विसरलो की गाडी मी बंदच केलेली नाही. आवाज नसला की ती बंद आहे असं वाटतं, हा त्या गाडीचा नंबर एकचा दगा. थंड हवा चालून चालून बॅटरी उतरली आणि इंजिन स्वतःच्या मनानं उठलं. घर्रर्र.

मालक दारातून बाहेर. "म्या हात न्हाई लावला! खरं सांगतो, हात न्हाई लावला!"

"आपोआप चालू होते, मालक. तिला लागलं की ती चालू होते."

"तिला लागलं की?" वहिनी ओट्यावरून एक पायरी मागं सरल्या. "उतारा करून आणली का न्हाई हिला?"

हळदीतल्या बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मी इंजिनचं समर्थन करत असताना गाडीच्या मागून मचमच आवाज येऊ लागला. मालकांची शेळी हार खात होती. मी धावलो, पण शेळीच्या तोंडातून झेंडू सोडवणं हे प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. मी ओढलं, तिनं ओढलं, दोरा तुटला. शेळी हार घेऊन गेली आणि उन्हात ती अक्षरं लखलखली.

मालक वाकून बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. पण एक शब्द त्यांनी इतक्या पिशव्यांवर पाहिला होता की तो त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

"हे काय लिवलंय?"

"कंपनीचं असतं काहीतरी."

"हे तं तुझ्या पिशवीवर व्हतं." त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर चाचपलं. "हायब्रीड. दुकानदार, तू मला परत हायब्रीड इकायला आलास?"

"मालक, ते बियाणं, ही गाडी. यातलं हायब्रीड वेगळं. यात दोन चांगल्या गोष्टींचा संगम—"

"त्या साली बी असंच म्हणला व्हतास. दोन चांगल्या वाणांचा संकर." त्यांचा आवाज आता भिंतीपल्याड जात होता. "एक इचारू? हिचं बी धरतं का?"

मी हसलो. ही माझी त्या दिवसाची सगळ्यांत मोठी चूक. "गाडीचं बी कसं धरंल, मालक?"

"धा-बारा सालांनी बॅटरी मेली तर?"

"नवी घालता येते."

"दुरुस्तीला कुठं न्यायची? वसमतला?"

"नांदेडला... किंवा संभाजीनगरला."

"आन् इकायची म्हणली तर कोण घेईल? जिल्ह्यात कोणाकडं हाय अशी?"

"अजून कोणाकडं नाही. तुम्ही पहिले."

"म्हंजे पेरणारा मी एकटाच." ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "माझा जुना ट्रॅक्टर इकला तवा घेणारे दारात भांडत व्हते. ह्याला म्हणतेत बी धरणं. हे तुझं बेणं मी घेतलं तं माझ्या पोराच्या हातात भंगार. दर बारीला नवी पिशवी! तुमचं दुकान चालतंच त्याच्यावर."

मला आजही वाटतं की साहेबांच्या पुण्यातल्या वरिष्ठांनी मोठमोठ्या बैठका घेऊन जे शोधलं नसेल ते या माणसानं हळदीत उभं राहून सांगितलं. पण तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा मला त्यांच्या टाळक्यात हॉर्न घालावासा वाटला. माझ्या तोंडून निघालं, "पिशवी वाचली असती तर ती वेळ आली नसती."

वहिनींनी एवढंच म्हटलं, "निघा."

मी गाडीत बसून मागं घेतली. टायमुळं मान नीट वळत नव्हती, आणि पडद्यावर मागचं दिसतं हे रागाच्या भरात आठवलं नाही. मागचं चाक वाळत्या हळदीवर चढलं आणि हळकुंडं कडाकडा मोडली. त्या गाडीनं दिवसभरात केलेला दखल घेण्यासारखा आवाज तेवढाच.

शिव्या खात मी फाटकाबाहेर आलो, तर पुढच्या फाटकात चुलतभाऊ उभा. पांढरा शर्ट, दात काढलेले. त्यानं हात करून थांबवलं.

"ओ गाडीवाले! त्यानं नको म्हणलं?"

"हो."

"काहून?"

देवानं संधी दिली असं मला वाटलं. "त्यांना झेपण्यातली नाही म्हणाले."

त्याचा चेहरा फुलला. त्यानं बोनेटवर हात फिरवला, काळ्या गाडीकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. "दोन ठेवल्या तं काय बिघडंल? ह्याच्या दारावरून रोज न्यायची. आत येऊन चहा घ्या."

मी दार उघडून एक पाय खाली टाकला होता. तेवढ्यात भिंतीवर मालकांचं डोकं आलं. ते कशावर चढले होते देव जाणे.

"घे, घे! ती हायब्रीड हाय! बी धरत न्हाई तिचं!" आणि मग, जरा थांबून, "तुझ्या दारात शोभंल. तुझंबी कुठं धरलंय?"

चुलतभावाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात लेकरू नव्हतं. हे साऱ्या शिरडला ठाऊक होतं. पलीकडचा हळद उलथण्याचा आवाज थांबला. भिंतीअलीकडं, ओट्यावर, चहाचं भांडं घेऊन त्याची बायको बाहेर येत होती. ती तिथूनच वळून आत गेली.

मी खाली टाकलेला पाय परत गाडीत घेतला.

चुलतभावानं बोनेटवरचा हात काढून घेतला. भिंतीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "तू आणलंस हे हितं. आता हे घेऊन जा." मग काळ्या गाडीच्या डिक्कीतून त्यानं लोखंडी पान्हा काढला आणि तो मालकांच्या फाटकाकडं चालत निघाला. मी बघायला थांबलो नाही. पुढं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं, दोघांच्याही डोक्याला टाके पडले, आणि कोर्टात बांध आणि भिंतीच्या जोडीला तिसरी केस लागली. मोंढ्यात तिला 'हायब्रीडची केस' म्हणून ओळखतात. माझं नाव साक्षीदारांत दोन्ही बाजूंनी घातलं आहे, आणि दोन्ही बाजूंना माझा भरवसा नाही.

साहेबांनी गाडी परत आलेली पाहिली. टायरच्या खाचांत हळद, डिक्कीवर शेळीची लाळ.

"ग्राहकाचं ऑब्जेक्शन काय होतं?"

"बी धरत नाही म्हणतात."

"बॅटरीच्या वॉरंटीबद्दल सांगितलं नाही का तुम्ही?"

"सांगायला वेळ मिळाला नाही. साहेब, एक सुचवू? हिच्यावरचं ते नाव काढा. आमच्या भागात—"

"आमचा ब्रँड जगभर याच नावानं विकला जातो," साहेब म्हणाले. जगात हिंगोली धरली नव्हती. पाडव्याला त्यांनी गाडी कोपऱ्यातून काढून काचेपाशी लावली आणि माझ्याकडून टाय परत घेतला. गाडी अजून तिथंच आहे असं ऐकतो. तिच्याबद्दल मला काडीची दया नाही.

बरेच दिवस मी घरात बसून राहिलो. बायको रोज सकाळी मला बघायची आणि झाडू माझ्या पायांभोवतून फिरवायची. एक दिवस म्हणाली, "जावा ना दुकानावर. नाव बदलायचं म्हणला व्हता, ते तेवढं बदला. तसं बी चांगलं कुठं राहिलंय?"

गेलो. पेरणीच्या तोंडाची गर्दी होती. भावानं मला पाहिलं आणि पाहिलंच नाही. माझ्या आधीच्या सगळ्यांचा माल त्यानं दिला, मग माझ्यापुढं पेन आपटून म्हणाला, "बोला, काय पायजे?"

"स्टूल," मी म्हणालो.

"स्टूल इकायला न्हाई."

मागचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. "पायरीवर पाय ठेवला काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. बाजूनं उडी मारली."

त्यानं माझ्या बुटांकडं पाहिलं. ते शोरूमच्या दिवसांतले, टोकदार, एव्हाना पोपडे उडालेले. मग तो काउंटरची फळी न उचलता म्हणाला, "मागं खताचा ट्रक लागलाय. हमाल कमी हायेत." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मी दुकानाला वळसा घालून मागं गेलो. ट्रकवरच्यानं माझ्या पाठीवर पहिलं पोतं सोडलं. आतून भावाचा आवाज आला, मला ऐकू यावा असा, "त्या नव्या माणसाला सांगा, बोलायचं न्हाई. नुस्तं उतरवायचं."

मी न बोलता उतरवत होतो. तिसऱ्या पोत्याला कंबर बोलली, पण ते त्याला ऐकू गेलं नाही.